कावळा शिवला त्याची बातमी

७ एप्रिल

सुचिता म्हणाली, रोज चार ओळी लिही, हात बसेल. हात बसवायचा तो कमेंटींना उत्तरं द्यायला. आमच्या ‘खाडीकाठ’च्या वेबसाइटवर बातमीखाली लोक काहीबाही लिहितात, आणि त्या प्रत्येकाला उत्तर गेलं पाहिजे, असं ही बेलापूरच्या कुठल्याशा शिबिरात शिकून आली. नात माझी. एकटीच बातमी आणते, एकटीच लिहिते, उत्तरं द्यायला वेळ कुठला. मला म्हणाली, “आजी, तू दिवसभर गॅलरीतून रस्त्यावरच्यांना उत्तरं देतेसच. तीच मोबाइलवर दे.”

मी चौथीपर्यंत गेले. गुरुजींना माझं अक्षर आवडायचं, तोंड आवडायचं नाही.

९ एप्रिल

पहिलं उत्तर दिलं. पाणीकपातीच्या बातमीखाली तुर्भ्याच्या कोणा हौसेरावाने लिहिलं होतं, “नुसत्या बातम्या देता, पाणी कधी देणार?” मी लिहिलं, “आम्ही पेपरवाले, पाणके नव्हे. कुठल्या गल्लीत राहता ते सांगा, पाणी कधी येईल ते विचारून कळवते.” त्याने गल्ली सांगितली. सुचिताने फोन करून विचारलं, मी वेळ लिहिली. तर त्याने मला अंगठा दाखवला. मी म्हटलं, हा कोण मला ठेंगा दाखवणारा? सुचिता हसत सुटली. तसे आभार मानतात म्हणे आता.

१५ एप्रिल

आज डोकं फिरलंय, म्हणून सगळं लिहिते.

‘खाडीकाठ’ आमच्या ह्यांनी काढला. आठवड्याला चार पानं. आमच्या जमिनी जाऊन त्यावर शहर उभं राहिलं, पण शहराच्या पेपरात आमच्या गावांचं नाव फक्त भांडण झालं की यायचं, म्हणून काढला. कोणाची बोट खाडीत अडकली, कोणाची दशक्रिया कधी, असलं सगळं त्यात असायचं. हे गेले तसा कागद बंद झाला. वेबसाइट तेवढी उरली. तिच्यावर वरच्या बाजूला अजून लिहिलेलं आहे, संस्थापक गोटीराम. मला नाव घेता येत नाही, लिहिता येतं.

मिथुन माझ्या दिराचा मुलगा. बाप लवकर गेला, ह्यांनी त्याला हाताशी धरलं, बातमी कशी विचारायची ते शिकवलं. माझ्या हातचं खाऊन वाढला. गावागावांचे व्हॉट्सॲप ग्रुप त्याने केले, फेसबुकचं पेज त्याने केलं, पेपरच्या नावाने केलं, पण सगळं स्वतःच्या नंबरावर. हे गेल्यावर उठला आणि सगळं घेऊन चालता झाला. वाचक म्हणजे काय गाईगुरं आहेत, दावं सोडलं की नेली? पण गेले की खरंच त्याच्यामागे. आता त्याचं ‘झटपट बेलापूर’.

हे ज्या दिवशी गेले त्या दिवशी आम्ही अजून हॉस्पिटलच्या जिन्यात होतो आणि ह्याने बातमी टाकली होती. सगळ्यात आधी टाकली म्हणून. सुचिता खारघरला कॉलेजात होती. तिला घरच्या माणसाने सांगायच्या आत मोबाइलवर आजोबांचा हार घातलेला फोटो आला. पोरगी बसथांब्यावर बसून राहिली, घरी यायचं सुचेना तिला. दुसऱ्या कोणीतरी जाऊन उठवून आणली.

आज काय केलं त्याने? खारघरच्या एका टॉवरात लोक राहायला आले, पाण्याची लाइनच नाही, लिफ्टही बंद. सुचिता मजले चढून चढून घराघरात बसली, तेव्हा कुठे बातमी झाली. ती टाकून चहा गाळते आहे तोवर ‘झटपट’वर आली. शब्द हिचे, फोटो हिचा. वर मथळा, “खारघरमध्ये धक्कादायक प्रकार, व्हिडिओ बघून तुम्हीही हादराल”. व्हिडिओ नव्हताच. लोक व्हिडिओ शोधत बसले.

सुचिता म्हणाली, “जाऊ दे आजी, देव बघतो.”

देवाच्या हाताखाली कामं फार. हे एक मी करीन.

२७ एप्रिल

सुचिताने आज स्पष्ट सांगितलं. गणपतीपर्यंत वाचक जमले नाहीत तर ‘खाडीकाठ’ बंद करणार. खारघरच्या कॉलेजात ऑफिसची नोकरी आहे, ती धरणार. रडली नाही. भांडी घासता घासता बोलली.

मी विचारलं, “किती आले म्हणजे जमले म्हणायचं?”

“आलेले मोजायचे नाहीत आजी. परत आलेले मोजायचे. मथळा बघून येतात ते मिथुनकाकाला लखलाभ. जो उद्या परत येतो, कारण काल इथे खरं सांगितलं होतं, तो आपला.”

हे मला समजलं. हळदीला मांडवात गर्दी असते, अर्धी जेवून जाते. नवरीच्या आईला विचारा, सकाळी पातेली घासायला कोण आलं होतं ते. ती तेवढीच नावं सांगेल.

मग मी तशीच उत्तरं द्यायला लागले. एकाने विचारलं, सातबाऱ्यावर आजीचं नाव चुकलंय, कुठे जायचं? सुचिताला विचारून ऑफिस सांगितलं आणि वर लिहिलं, “आजी जिवंत असतानाच जा.” एका बाईने लिहिलं, तुमच्या बातम्यांना मजा नाही. लिहिलं, “मजा हवी तर सासूला फोन लावा.” त्या बाईने त्याच्यावर सासूचं गाऱ्हाणं लिहिलं, त्याच्याखाली दुसऱ्या चौघींनी लिहिलं, बातमी राहिली बाजूला. मी सगळ्यांना गप्प केलं. सुचिता स्क्रीन बघून म्हणते, “आजी, ह्या बायका काल पण आल्या होत्या.” आल्या असतील, त्यांना दुसरं काय काम.

५ मे

भागीरथीच्या नातवाची हळद. भागीरथी म्हणजे शेजारीण, माझ्याबरोबरच सून होऊन ह्या गावात आली. तिथे मिथुन भेटला. गळ्यात चेन, हातात दोन मोबाइल.

“काकी, तू कमेंटी लिवतंस म्हनं आता.”

“लिहिते. तू चोरतोस त्यापेक्षा बरं.”

“अगं चोरलं काय त्यात? पानी नाय ही बातमी कोनाच्या बापाची हाय?”

“पाणी नाही ते कोणाच्या बापाचं नाही. पण जिने चढून गुडघे सुजले ते माझ्या नातीचे होते.”

तर म्हणाला, “सुचिताला माझ्याकं पाठव. पगार देतो. तिच्या नावानं बातमी टाकतो. ती एकटी मरतंय कशाला?”

बघा. मांडवात, चार माणसांत, माझ्या नातीला नोकरीला ठेवायला निघाला. ह्यांच्या पेपरला कुलूप लावून चावी स्वतःच्या खिशात घालायची. मी म्हटलं, “तुझ्याकडे पाठवण्यापेक्षा मच्छी विकायला बसवीन.” तो हसला, आणि स्वतः मटणाचं पातेलं घेऊन माझ्या ताटात वाढायला आला. शोधून नळी वाढली. लाच द्यायची ही रीत.

नळी खाल्ली. मटण भागीरथीचं होतं, त्याचं नव्हतं.

१९ मे

गच्चीवर जवळा वाळत घातला होता. आमच्याच बिल्डिंगची गच्ची, तरी खालच्या भाडेकरणीला वास येतो म्हणून ती नाक मुरडते. त्यांना फ्लॅट हवा, खाडी नको. मी जवळा हलवत होते तर मागून कावळ्याने डोक्यावर झडप घातली. नखं लागली. नारळाच्या झाडावर घरटं केलंय मेल्याने.

भागीरथी धावत आली. तोंड पांढरं पडलं तिचं. “काशे, कावला शिवला तुला. सांगावा धाडला पाहिजे.”

आमच्यात कावळा डोक्याला शिवला की मरण जवळ आलं मानतात. उतारा एकच. माहेरी खोटा सांगावा धाडायचा, की ती गेली. तिकडे माणसं खरीखुरी रडली की अरिष्ट टळतं. मग लगेच दुसरा निरोप पाठवून खरं सांगायचं, की कावळा शिवला होता, माणूस धडधाकट आहे. लहानपणी माझ्या आत्यासाठी अशी रडले होते मी. नंतर लाडू वाटले होते.

माझा कावळ्यावर विश्वास नाही. पण भागीरथी बोलत होती आणि माझ्या डोळ्यापुढे वेगळंच येत होतं. माझ्या माहेरी उरणला भावजय जयमाला आहे. तिला कळलं की ती रडत रडत पहिलं काम करील ते पाहुण्यांच्या ग्रुपात टाकायचं. त्या ग्रुपात मिथुन बसलेला असतो, मेलेल्यांची वाट बघत.

भागीरथीला म्हटलं, “सांगावा उद्या धाडू. तू फोन कर. आणि दुसरा निरोप मी सांगेन तेव्हाच.”

सुचिताला सांगितलं नाही. तिला खोटं जमत नाही, चेहऱ्यावर दिसतं.

२० मे

झालं.

सुचिता सकाळीच बेलापूरला सरकारी सुनावणीला गेली. भागीरथीने जयमालाला फोन लावला. तिला रडायला सांगावं लागत नाही, कांद्याशिवाय येतं. “जयमाले, आपली काशी गेली गो.” पलीकडून असा हंबरडा आला की मी फोनपासून लांब झाले. जयमाला माझ्यासाठी एवढी रडेल असं वाटलं नव्हतं. आमचं बोलणं जेमतेम.

आणि मग मी मोबाइल पुढ्यात घेऊन बसले, गळ टाकून बसावं तशी. ताक प्यायले. ताक संपायच्या आत मासा लागला. ‘झटपट बेलापूर’: “दुःखद. ‘खाडीकाठ’चे संस्थापक कै. गोटीराम यांच्या पत्नी काशीबाई यांचे निधन.” माझा फोटो, त्याला हार. खाली त्याने बरंच लिहिलं होतं. काकीने मला वाढवलं, काकीच्या तोंडाला सगळे घाबरायचे पण माझ्या परीक्षेच्या सकाळी ती दाराशी दहीसाखर घेऊन उभी असायची. दहीसाखर नव्हे, गूळ होता. एवढंही नीट माहीत नाही आणि पत्रकार म्हणवतो.

मी भागीरथीला म्हटलं, “आता कर दुसरा फोन.” तिने जयमालाला खरं सांगितलं. जयमालाने मला दिलेल्या शिव्या इथे लिहीत नाही.

तोवर इकडे आमच्या वेबसाइटवर माणसांचा पूर आला. सगळे एकच विचारत होते. आजी खरंच गेल्या का? ‘झटपट’वर वाचलं, पण इथे काहीच नाही, म्हणून विचारतो. मी एकेकाला उत्तर दिलं. “कोण म्हणतं?” “मेलेली उत्तर देते का?” “झटपटवाल्याला विचारा, काडी कोणी लावली.” आयुष्यात एवढा आनंद झाला नव्हता. सातबारावाला, सासवांची गाऱ्हाणी सांगणाऱ्या बाया, हौसेराव, सगळे हजर. हौसेरावाने लिहिलं, “आजी, तीनदा लिहून पुसलं, मग विचारलं.” म्हातारपण, दुसरं काय.

मग खाली गाडी थांबली. मिथुन. पांढरा सदरा, हातात हार. मी गॅलरीत उभी होते. त्याने वर बघितलं आणि गाडीला टेकला.

“काय रे, भूत बघितलंस?”

त्याने हार पाठीमागे लपवला.

“मी खरंच मेले असते तर खांदा द्यायला पहिला निरोप कोणाला आला असता? तुला. आला का? भावकीतल्या एकाला तरी आला का? एवढं डोक्यात आलं नाही तुझ्या?”

“नाय आलं,” म्हणाला. “काकी, माझ्या आयला कसं सांगू म्हून मी घरी पन नाय गेलो अजून.”

“आणलायस तर हार घालून जा.”

त्याने हार आमच्या फाटकाला अडकवला आणि गेला. डोळे लाल होते. मे महिन्याचं ऊन बाधतं ज्याला सवय नाही.

सुचिता त्यानंतर आली. सुनावणीत मोबाइल बंद ठेवायला लावतात. बाहेर येऊन चालू केला तर पहिला तो फोटो. रिक्षाने आली. फाटकावरचा हार बघितला, आणि पुढे मला जवळा निवडताना बघितलं. जिन्यातच बसली. बोलावलं तरी उठेना. मी म्हटलं, अगं एवढं काय, मी जिवंत आहे की. तिने माझा पाय धरून ठेवला, किती वेळ. मला जवळा आत न्यायचा होता.

मग म्हणाली, “मिथुनकाकाला कोणी सांगितलं?”

मी सांगितलं सगळं. अभिमानाने सांगितलं.

ती उठली, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

२१ मे

‘झटपट’वर लोक मिथुनला सोलून काढताहेत. जिवंत बाईला मारलं. त्याने बातमी काढली, माफी मागितली. गावांच्या ग्रुपांतून त्याला काढायची बोलणी चालली आहेत. माझं काम झालं.

आणि माझी नात. जेवायला बसलो तर म्हणाली, “आजी, मी लिहिणार आहे. ही खोटी बातमी आपल्या घरातून गेली, ते.”

घास तसाच राहिला. “वेड लागलं का? पूर आलाय आपल्याकडे, बघितलास ना?”

“म्हणूनच. ते सगळे इथे आले कारण इथे खरं मिळतं.”

“मग? मी जिवंत आहे हे खरं नाही?”

“ते खरं आहे. खोटं कुठून निघालं ते मला माहीत असून मी गप्प बसले, तर मी आणि मिथुनकाका एकच.”

“म्हणजे त्याला सोडतेस.”

“सोडत नाही. न विचारता टाकली हेही लिहिते. पण तुलाही सोडत नाही.”

“मला? मी तुझ्यासाठी केलं.”

तिने ताट बाजूला सारलं. म्हणाली, “त्या दिवशी बसथांब्यावर पण मला मोबाइलवरच कळलं होतं, आजी.”

ते मला माहीतच आहे की. ते मिथुनने केलं होतं. त्याचीच तर परतफेड केली. हे तिला कितीदा सांगू?

शेवटी म्हणाली, “ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याचं म्हणणं घ्यायचं, असं आजोबांनी शिकवलंय. तुझं म्हणणं दे.”

मी म्हटलं, माझं काही म्हणणं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

२२ मे

दुपारपर्यंत बोलले नाही. तिनेही विचारलं नाही, पण बातमीही टाकली नाही. वाट बघत होती. भागीरथी मध्ये येऊन म्हणाली, “पोरीचं दुकान बसवशील तू.” मी म्हटलं, बसवते आहे ती. भागीरथी म्हणाली, “तुझा नवरा पन असाच होता. माझ्या भावाची दारूची भट्टी पेपरात छापली आनि दुसऱ्या दिवशी आमच्याकडंच जेवायला आला.” आठवतं मला. भागीरथीने वाढलं होतं त्यांना.

मी आत गेले. सुचिता खुर्चीत बसली होती, बोटं तयार.

“लिही,” म्हटलं. “कावळा शिवला होता. सांगावा धाडला तो मी धाडला. मिथुनला अडकवायचं होतं म्हणून खरं सांगायला उशीर केला, तोही मी. सुचिताला माहीत नव्हतं.”

लिहिलं तिने. “एवढंच?”

“अजून लिही. मिथुनने एक फोन करून विचारलं असतं, तर तो मीच उचलला असता.”

तिची बोटं थांबली. मग तेही लिहिलं, जसंच्या तसं. सगळं तिने मला वाचून दाखवलं आणि टाकलं. मथळा असा, “काशीबाईंच्या निधनाची खोटी बातमी: सुरुवात आमच्याच घरातून”. व्हिडिओ नाही, धक्का नाही.

संध्याकाळपर्यंत कमेंटींचा ढीग. उत्तरं द्यायला मला मनाई, बातमी माझ्यावर आहे म्हणून. एकाने लिहिलं, म्हातारीला लाज नाही. एक म्हणाला, असल्या घरातली बातमी आता वाचणार नाही. सुचिताने त्यांनाही आभार मानून उत्तर दिलं. काही गेले असतील. जाऊ दे म्हणाली.

हौसेरावाने लिहिलं, “पोरीने स्वतःच्या आजीला सोडलं नाही. आता पाण्याची वेळ इथेच बघणार.” हा माणूस माझ्या बाजूने आहे की विरुद्ध, ते कळलं नाही. सुचिताने वाचलं आणि कधी नव्हे ती मला मिठी मारली. मी म्हटलं, भाजी लागेल खाली.

२३ मे

सकाळी खारघरच्या कॉलेजातून फोन आला होता. सुचिताने नोकरीला नाही म्हणून सांगितलं. मला विचारलं नाही, सांगितलं फक्त. मग पाण्याची वेळ विचारायला लागली तुर्भ्याच्या ऑफिसला.

मी अजून तिच्यावर रागावलेली आहे. मिथुनला मी नीट पालथा पाडला होता. तिने हात देऊन अर्धा उठवला. लोक त्याला आता शिव्या कमी देतात आणि मला जास्त. त्यानेही काल तिची बातमी टाकली आपल्या पेजवर, पहिल्यांदा खाली तिचं नाव आणि ‘खाडीकाठ’चं नाव घालून. भीतीने केलं असेल.

हे लिहिते आहे आणि मोबाइल वाजतो आहे. नाव दिसतं, मिथुन. सुचिता आतून ओरडते, “आजी, तुझा फोन.” कळतंय मला. भिंतीला कान असतात, मला नाहीत की काय.

थांबला. परत लागला.

वाजू दे जरा. इतकी वर्षं लावली त्याने.